डावा पाय ठेवायचा कुठे? ऑटोमॅटिक गाडी आणि माझी फजिती

तिलकनगरची_मावशी

नमस्कार मंडळी. गाडी मी १९९४ पासून चालवतेय. आधी मारुती ८००, मग दोन हॅचबॅक, सगळ्या गिअरच्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीतून ओरखडा न पडता गाडी बाहेर काढलेली बाई आहे मी, एवढी ओळख पुरे. पण वर्षभरापासून डावा गुडघा क्लच दाबायला नाही म्हणू लागला, म्हणून गेल्या महिन्यात ऑटोमॅटिक घेतली. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, त्यात शिकायचं काय? स्कूटीसारखी आहे."

पहिली फजिती शोरूमच्या दारातच. पूजा झाली, नारळ फुटला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आता गाडी पुढे घेऊन लिंबं चिरडायची. बटण दाबलं, रेडिओ लागला. पुन्हा दाबलं, डॅशबोर्डवर दिवाळी. पुन्हा दाबलं, सगळं विझलं. आमचे हे ताट हातात धरून विचारतात, "पेट्रोल भरलंय ना?" शेवटी शोरूमचा मुलगा खिडकीत वाकला, "आंटी, ब्रेक दबा के." गाडी समजावायला या मुलाने दहा मिनिटं दिली होती, त्यातली सात माझा फोन गाडीला जोडण्यात गेली.

दुसरी फजिती मात्र हसण्यासारखी नाही. चौथ्या दिवशी पलासिया चौराह्याकडे येत होते, वेग चाळीसच्या आसपास. सिग्नल पिवळा झाला. उजवा पाय ब्रेककडे निघाला, आणि तीस वर्षांच्या सवयीने डावा पायही उठला, क्लच दाबायला. क्लच नाहीच तिथे. पाय बसला ब्रेकच्या पट्टीवर, तोही क्लच दाबतात तसा, पार तळापर्यंत. गाडी जागच्या जागी खिळली. मागच्या सीटवरचा शेवेचा पुडा पुढे येऊन काचेवर आपटला, पट्टा खांद्यात रुतला. मागे ई-रिक्षा होती, ती बोटभर अंतरावर थांबली. त्या रिक्षावाल्या भियाने जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण चूक त्याची नव्हती.

तर प्रश्न असे. डाव्या पायाचं करायचं काय? सिग्नलला डीमध्ये (ड्राइव्ह) थांबायचं की एनमध्ये (न्यूट्रल)? आमच्या दाराला उतार आहे. तिथे दांडी पीला (पार्किंग) टाकून ब्रेक सोडला की गाडी चार बोटं घसरते आणि खट् करून अडते. आवाज इतका की स्वयंपाकघरात यांना कळतं मी आले, आणि हे चहा ठेवतात. शोरूमवाले म्हणाले, "नॉर्मल है." खरंच नॉर्मल आहे का? आणि तीन आठवड्यांनी ओंकारेश्वरला जायचंय, म्हणजे भेरूघाट. त्याची धास्ती वेगळीच.

भिया_पोहेवाला

मावशी, डावा पाय घरी ठेवून या. 😄

शेवेचा पुडा फुटला की वाचला, तेवढं सांगा.

पिथमपूरचा_जुना_नट

मावशी, तुमच्या पलासियाच्या प्रसंगात एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे स्वतःवर राग धरणार नाही. क्लचला पूर्ण दाबायचा असतो, तळापर्यंत. डाव्या पायाला तेवढंच माहीत आहे: एकतर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. ब्रेकला बूस्टर असतो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारं यंत्र, तिथे काम अंगठ्याच्या दाबावर चालतं. उजव्या पायाला ती नजाकत तीस वर्षांत आली आहे, डाव्याला अजिबात नाही. म्हणून डावा पाय ब्रेकवर गेला की गाडी खिळतेच. ज्यांनी ज्यांनी गिअरवरून ऑटोमॅटिकला उडी मारली, त्यातल्या बहुतेकांचं एकदा तरी हे झालेलं असतं. कबूल कोणी करत नाही.

उपाय: डावीकडे, पॅडलच्या पलीकडे, एक तिरकी पट्टी असते, पाय टेकवायची. तिला डेड पॅडल म्हणतात. गाडीत बसलात की डावा पाय तिथे गेला, तो उतरताना निघाला. मधे त्याला काही काम नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर. ॲक्सिलरेटरला जायचं तर टाच तिथेच आणि पंजा उजवीकडे वळवायचा. म्हणजे गडबडीत पाय आपोआप ब्रेकवरच पडतो. टाच ॲक्सिलरेटरसमोर ठेवणारे लोक घाबरले की ॲक्सिलरेटरच दाबतात, आणि दुकानात घुसलेल्या गाड्यांचे फोटो मग आपण पेपरात बघतो.

सीट इतकी पुढे घ्या की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. आणि पायाखाली दुहेरी मॅट असेल तर एक आजच काढा. कंपनीच्या मॅटवर ती जाड फुलांची मॅट लोक हौसेने टाकतात, ती सरकून पॅडलखाली जाते.

गाडी सुरू करण्याचं लिहितो थोड्या वेळाने. पाणी यायची वेळ झाली, मोटर लावायची आहे.

रामबागी

मावशी, मी दोन वर्षं झाली चालवतेय. माझी युक्ती: डाव्या पायातली चप्पल काढून ठेवायची. अनवाणी पाय पट्टीवर टेकला की त्याला सतत कळत राहतं की आज वेगळं काहीतरी आहे. महिन्याभरात सवय मोडली.

विजयनगरकर

@रामबागी, ती काढलेली चप्पल कुठे ठेवता? पॅडलपाशीच? उतारावर पुढे घसरून ब्रेकखाली गेली म्हणजे?

रामबागी

मागच्या सीटखाली, भिया. एवढी अक्कल आहे. पण बरं केलंत लिहिलंत, कोणी वाचून भलतंच करायला नको.

पिथमपूरचा_जुना_नट

आलो. आता सुरुवात.

लिंबांच्या वेळी गाडी सुरू का झाली नाही? ब्रेक न दाबता बटण दाबलं की गाडीला वाटतं तुम्हाला फक्त रेडिओ हवाय. दुसऱ्यांदा दाबलं की इग्निशन, म्हणजे दिवे सगळे, इंजिन नाही. तिसऱ्यांदा बंद. बहुतेक गाड्यांत हाच क्रम असतो. ब्रेक दाबून एकदा बटण दाबलं की सरळ इंजिन. दांडी पी किंवा एनवर नसेल तर तरीही सुरू होणार नाही. हा गाडीचा हट्ट नाही, सोय आहे. डीमध्ये सुरू होणारी गाडी थेट समोरच्या भिंतीत गेली असती.

सुरू झाल्यावर काटा बघा. सकाळी गार इंजिनला फेरे बाराशे, कधी त्याहून जास्त असतात, मग खाली येतात. काटा खाली येऊ लागेपर्यंत अर्धा मिनिट थांबलं की पुरे. तेवढ्यात पट्टा, आरसे. काही लोक जानेवारीत दहा दहा मिनिटं गाडी उभी ठेवून घुर्रघुर्र करतात, ती कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. आता त्यात नुसतं पेट्रोल जाळणं आहे. सुरू करा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सबुरीने चालवा, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही चालता चालता तापतात.

मग ब्रेक दाबलेलाच ठेवून दांडी पीवरून डीला. वाटेत आर (रिव्हर्स) आणि एन लागतात. डीला आल्यावर क्षणभर थांबा, गाडीला हलकासा हिसका जाणवतो, म्हणजे गिअर लागला. लोक या क्षणाची वाट बघत नाहीत, दांडी ओढतानाच ॲक्सिलरेटर देतात, आणि गिअरबॉक्स तो मार निमूट खातो. हिसका आला, हँडब्रेक सोडला, आता ब्रेक हळू सोडा. ॲक्सिलरेटरला हात… म्हणजे पाय लावू नका. गाडी स्वतःच सरकू लागेल, माणूस चालतो त्या वेगाने. पार्किंगमध्ये, गल्लीत, दारात सगळा कारभार या सरकण्यावर करायचा. ॲक्सिलरेटर नाहीच, फक्त ब्रेक कमी-जास्त.

डीवरून आर किंवा आरवरून डी करताना गाडी पूर्ण थांबलेली हवी. अर्धवट मागे जात असताना डी मारणारे मी रोज बघतो.

गिअरप्रेमी_मल्हार

एवढं सगळं वाचून दमलो. यापेक्षा क्लच बरा. ऑटोमॅटिक म्हणजे वरणभात. चालवण्याची मजाच नाही.

तिलकनगरची_मावशी

@मल्हार, माझ्या गुडघ्याशी बोलून घ्या, तो तुम्हाला मजा समजावेल.

भिया_पोहेवाला

वरणभाताला नावं ठेवू नका हो, वर तूप घातलं की झालं.

विजयनगरकर

माझी एएमटी आहे. तिला पी नाहीच. आर, एन, डी आणि एम (हाताने गिअर बदलायचा) एवढंच. मग उभी करताना काय करायचं? मी एनमध्ये ठेवून हँडब्रेक लावतो. आणि गिअर बदलताना गाडी मान डोलावते, बायको म्हणते चक्कर येते. बिघाड आहे का?

पिथमपूरचा_जुना_नट

@विजयनगरकर, बिघाड नाही. तुमची गाडी मुळात गिअरचीच आहे. गिअरबॉक्स तोच, क्लचही तोच, फक्त क्लच दाबायला आणि दांडी हलवायला एक यंत्र बसवलंय. आपल्याकडे हे २०१४ मध्ये सेलेरियोबरोबर आलं आणि स्वस्त म्हणून पसरलं. हातांनी गिअर बदलताना तुम्ही ॲक्सिलरेटर सोडायचात ना? इथे तुम्ही तो दाबून धरता आणि यंत्र मधेच क्लच काढतं, म्हणून मान डोलते. गिअर बदलायच्या वेळी पाय किंचित सैल करा. दोन दिवसांत कान सांगेल कधी करायचा, आणि वहिनींची चक्कर जाईल.

उभी करताना एनमध्ये ठेवू नका. पी नाही म्हणजे चाकं अडवणारं खोबण नाही. ब्रेकवर थांबा, हँडब्रेक ओढा, दांडी डी किंवा आरला ठेवून इंजिन बंद करा. गिअर अडकलेला राहतो, आपण गिअरच्या गाडीत उतारावर पहिला टाकून ठेवायचो तसं. पुढच्या वेळी सुरू करताना ब्रेक दाबून एनला आणायची. पुस्तिकेत आहे हे सगळं, ती ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत असते, जिला कोणी हात लावत नाही.

मावशींची टॉर्क कन्व्हर्टरची. तिचं तत्त्व वेगळं. टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा, बंद असलेला पंखा ठेवा. वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल. एक पंखा इंजिनला, दुसरा गिअरबॉक्सला. दुसरा पंखा हाताने धरून ठेवला तरी पहिला बंद पडत नाही, म्हणून ब्रेक दाबून डीमध्ये थांबलं तरी इंजिन मरत नाही. आणि हात सोडला की फिरतो, म्हणजेच ब्रेक सोडला की गाडी सरकते.

सुखलियाची_सून

त्या सरकण्यानेच माझा घात केला. मॉलच्या बेसमेंटला उतरताना तिकिटाचं मशीन उजवीकडे, आणि मी गाडी जरा लांब लावलेली. खिडकीतून अर्धी बाहेर झुकले. शरीर झुकलं की पायाचा दाब कमी होतो हे तेव्हा कळलं. तिकीट हातात आलं, आणि गाडी आपली निघाली, अगदी निवांत, बाहेर लटकलेली मी सोबत. बॅरियरचा दांडा बोनेटवर टेकला. गार्डने शिट्टी वाजवली, मी ब्रेक ऐवजी हॉर्न दाबला. नुकसान बाराशे रुपयांचं आणि बेअब्रू त्याहून जास्त, कारण मागे सासूबाई बसल्या होत्या.

तेव्हापासून टोल, तिकीट, खाली पडलेला फोन, पोराची पाण्याची बाटली, काहीही असो, आधी दांडी पीला, मग झुकायचं.

तिलकनगरची_मावशी

सूनबाई, हॉर्न दाबला हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. हे विचारत होते काय झालं.

मांडवीकर_बडोदा

बडोद्याहून हजेरी. सिग्नलबद्दल माझं मत: एन. प्रत्येक थांब्याला एन. शिवाय पावागडला माचीवरून उतरताना मी सरळ एनला टाकून उतरतो. गाडी फुकट चालते, पेट्रोल वाचतं. वीस वर्षांचा अनुभव आहे.

पिथमपूरचा_जुना_नट

@मांडवीकर, राग मानू नका, पण वीस वर्षं नशीब चांगलं होतं असं म्हणेन.

पेट्रोल वाचतं हे कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडं खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत गिअर लागलेला असताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. चाकंच इंजिनला फिरवत असतात, थेंब जळत नाही. एनला टाकलंत की इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, म्हणजे पेट्रोल लागतंच. तुम्ही वाचवत नाही, घालवताय.

आणि मुख्य म्हणजे इंजिनचा अडसर गेला. सगळा भार ब्रेकवर. घाटात सतत ब्रेक दाबून ठेवला की डिस्क तापतात, जळका वास येतो, मग पॅडल दाबलं जातं पण पकड येत नाही. ट्रकवाल्यांचं जुनं सांगणं आहे: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. ऑटोमॅटिकलाही तेच लागू.

सिग्नलचं: वीस-तीस सेकंदांसाठी डीमध्ये ब्रेक दाबून थांबा, काही बिघडत नाही. पाऊण मिनिटाच्या वर असेल, काउंटर दिसतोच, तर एन आणि हँडब्रेक, पायाला आराम. दर दहा सेकंदाला डी-एन-डी करण्यात काही अर्थ नाही. सिग्नलला पी मात्र नको. मागून कोणी हलकं जरी ठोकलं तरी तो धक्का पीच्या खोबणीवर जातो.

विजयनगरकर

आणि डीसीटी? भावाची आहे, बायपासला जॅममध्ये "गिअरबॉक्स गरम" असा इशारा आला होता.

पिथमपूरचा_जुना_नट

तिच्यात दोन क्लच असतात. एक विषम गिअरचा, दुसरा सम. एक चालू असताना पुढचा तयार, म्हणून लोण्यासारखी पळते. पण आहेत ते क्लचच, आणि कोरडे असतील तर जॅममध्ये इंच इंच सरकवलं की घासून तापतात. भावाला सांगा, पुढच्या गाडीला चिकटून सरकू नका. दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदम पुढे जा आणि पूर्ण थांबा. मधे रिक्षा घुसेल, घुसू द्या. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची सवय असेल तर तीही सोडायला सांगा.

गिअरप्रेमी_मल्हार

म्हणजे पंखा, रोबो, दोन क्लच… आणि सीव्हीटी राहिली की. बघा, माझा वरणभाताचा आरोप मागे, ही तर मिसळ आहे.

पिथमपूरचा_जुना_नट

सीव्हीटी तुम्ही चालवली आहेत, मल्हारराव, नाव माहीत नसेल. कायनेटिक होंडा आठवते? १९८० च्या दशकात ती आमच्या पिथमपूरमधूनच बाहेर पडत होती. तिच्यात गिअर नव्हते, दोन पुली आणि मधे पट्टा. पुलीचे दोन शंकू जवळ आले की पट्टा वर चढतो, लांब गेले की खाली उतरतो, आणि पायऱ्या नसलेला गिअर मिळतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये हेच कारमध्ये घातलं होतं. आजच्या सीव्हीटी गाड्यांत रबराऐवजी पोलादी पट्टा असतो, तत्त्व तेच. इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो, ते त्यामुळे.

अख्खं इंदूर त्या कायनेटिकवर ऑटोमॅटिक चालवत होतं आणि आज कारमध्ये बसून घाबरतंय. मावशी, तुमच्या मुलाचं "स्कूटीसारखी" हे यंत्राच्या बाबतीत फार चुकीचं नव्हतं. पायाच्या बाबतीत चुकलं, कारण स्कूटीवर पाय कामाला नसतातच.

तिलकनगरची_मावशी

हे अगदी पटलं. कायनेटिक मीही चालवलीये, कॉलेजला असताना, भावाची चोरून.

तर आजचा वृत्तांत. रविवारी सकाळी सहाला सुपर कॉरिडॉरला गेले, रस्ता मोकळा. रामबागींचं ऐकून डावी चप्पल काढली, मागच्या सीटखाली ठेवली. नटभाऊंचं ऐकून टाच ब्रेकसमोर. मग वीस वेळा तेच: साठपर्यंत जायचं, थांबायचं. पहिल्या सहा वेळा डावा पाय उचलला गेला. मी त्याच्याकडे बघायला लागले, म्हणजे खाली, तर हे ओरडले की समोर बघ. सातव्या वेळी तो नुसता दाबला गेला, जागच्या जागी, पट्टीवर. क्लच दाबल्याचं समाधान त्याला पट्टीवरच मिळालं. त्यानंतर बरा शांत झाला. मला वाटतं त्याला दाबायला काहीतरी हवं होतं.

येताना छप्पन दुकानला पोहे-जलेबी. यांचं म्हणणं, सराव यासाठीच रोज करावा.

रामबागी

पट्टी दाबायची ही युक्ती माझ्यापेक्षा सरस आहे. मावशी, तुम्ही फारच झटपट शिकताय.

बंगाली_चौकवाली

मधेच विचारते. बॅटरी बसली तर धक्का मारून सुरू करता येते का ऑटोमॅटिक? आमच्या सोसायटीत काल चौघं जण मारत होते.

पिथमपूरचा_जुना_नट

नाही. त्या चौघांना चहा पाजा आणि थांबवा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेलाला दाब नाही, दाब नाही म्हणजे गिअर लागत नाही, कितीही ढकला. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करा. त्याच कारणाने चाकं रस्त्यावर ठेवून लांब ओढूनही नेऊ नका, गिअरबॉक्स तेलाविना फिरतो. उचलून नेणारी गाडी बोलवा.

बॅटरी बसली की दांडी पीमधून निघतही नाही, कारण ते कुलूप विजेवर असतं. बऱ्याच गाड्यांत दांडीशेजारी एक बारीक झाकण असतं. ते उचकटून आत चावी दाबायची, ब्रेक दाबायचा, दांडी एनला येते. पण आधी हँडब्रेक, नाहीतर गाडी तुम्हाला सोडून जाईल.

तिलकनगरची_मावशी

मंडळी, ओंकारेश्वर करून आले. सविस्तर लिहिते, कारण रस्ताभर हा धागाच डोक्यात होता.

सिमरोळ सोडलं आणि घाट लागला. माळवा संपतो आणि रस्ता निमाडात उतरायला लागतो. डीमध्ये होते. पहिल्या वळणाआधी लक्षात आलं की पाय ब्रेकवरून उठतच नाहीये, आणि गाडी मात्र वरचा वरचा गिअर टाकत पळायला बघतेय. नटभाऊंचं वाक्य आठवलं. दांडी डावीकडे एमला घेतली आणि एकदा वजा, म्हणजे एक गिअर खाली. काटा अडीच हजारावर गेला. पुन्हा वजा, तीन हजाराच्या वर. इंजिन घुमायला लागलं आणि गाडी जणू कोणी मागून पदर धरावा तशी आवरली गेली. हे दचकून म्हणाले, "अगं, गाडी का ओरडतेय? काहीतरी मोडलं." मी म्हटलं ओरडू द्या, ब्रेकच्या वाट्याचं ओरडतेय.

पुढे सिमेंटचा ट्रक होता, वीसच्या वेगाने. त्याला ओलांडायचा मोह झाला नाही. दोन गाड्यांचं अंतर ठेवलं, वळणाआधी ब्रेकचा एक दाब, मग सोडायचा, बाकी काम दुसऱ्या गिअरचं. खाली उतरल्यावर बडवाहच्या अलीकडे चहाला थांबलो. हे मुद्दाम चाकाजवळ जाऊन वास घेऊन आले. वास नव्हता. शेजारी एक गाडी उभी होती, तिच्या पुढच्या चाकांतून जळक्या रबरासारखा वास येत होता आणि तिचे मालक बाटलीतलं पाणी चाकावर ओतत होते.

पिथमपूरचा_जुना_नट

पाणी ओतू नका हो कोणी! तापलेली डिस्क गार पाण्याने वाकडी होते, मग ब्रेक दाबल्यावर पॅडल थरथरतं. नुसती उभी करा, वीस-पंचवीस मिनिटं, वारा लागू द्या.

मावशी, उत्तम केलंत. येताना चढाला काय केलंत?

तिलकनगरची_मावशी

येताना डी. ट्रकच्या मागून निघायचं तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, गाडीने स्वतःच दोन गिअर खाली टाकले आणि निघाली. तेवढं मात्र कौतुक वाटलं, मला जमलं नसतं इतक्या चटकन.

पण एक राहिलंच. दाराच्या उताराचं, ते खट्.

पिथमपूरचा_जुना_नट

अरे हो, तुमचा पहिल्याच दिवसाचा प्रश्न, आणि आम्ही कायनेटिकवर गप्पा मारत बसलो.

पी म्हणजे ब्रेक नव्हे. गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या दांड्यावर दातेरी चक्र असतं, पीला टाकलं की एक लोखंडी खिट्टी त्याच्या खाचेत पडते. बोटाएवढी खिट्टी. तुम्ही पीला टाकून ब्रेक सोडला की हजार-बाराशे किलोची गाडी खाच सापडेपर्यंत घसरते आणि सगळी त्या खिट्टीवर येऊन बसते. तेच खट्. सकाळी पीमधून काढताना दांडी जड लागून पुन्हा खट् होत असेल, तेही तेच.

क्रम बदला. दारात उतारावर ब्रेकने थांबा. दांडी एनला. हँडब्रेक घट्ट ओढा. आता पायाचा ब्रेक हळू सोडा, गाडीला हँडब्रेकवर बसू द्या, जेवढी हलायची तेवढी हलू दे. मग पुन्हा ब्रेक दाबून दांडी पीला, आणि इंजिन बंद. वजन हँडब्रेकवर राहतं, खिट्टी नुसती राखणीला. सकाळी निघताना उलटं: ब्रेक दाबा, आधी पीमधून काढा, हँडब्रेक शेवटी सोडा.

शोरूमवाल्याचं "नॉर्मल है" यासाठी की सगळेच तसं करतात.

सुखलियाची_सून

हे मलाही माहीत नव्हतं. आज संध्याकाळीच करून बघते.

विजयनगरकर

अवांतर: काल भावाची जुनी गिअरची गाडी चालवली. चौराह्यावर थांबलो, डावा पाय मस्त पसरून. गाडी गचका खाऊन बंद. आता दोन्हीकडून गेलो.

तिलकनगरची_मावशी

नटभाऊ, केलं. एन, हँडब्रेक, पाय सोडला, गाडी किंचित हलून थांबली, मग पी. आवाज नाही. खरं वाटेना म्हणून गाडी रस्त्यावर घेऊन पुन्हा आत लावली. पुन्हा नाही.

घरात आले तर हे पेपर वाचत बसलेले. म्हणाले, "कधी आलीस? कळलंच नाही." चहा ठेवलेला नव्हता. आता फाटकाची कडी जोरात वाजवत जाईन म्हणते.